औंदा किती सरकला?

दिवाळी झाली, जमीन वाफशाला आली, की आमची वैनी मळ्यात जाऊन नवऱ्याच्या समाधीचा खड्डा पुन्हा उकरायची. पावसाळ्यात तो गाळानं भरायचा, कडा ढासळायच्या. वैनी पदर खोचून आत उतरायची आणि घमेल्यानं चिखल वर द्यायची. वर घमेलं घ्यायला अव्वा, म्हणजे माझी आई गंगव्वा. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं, तो माझा थोरला भाऊ महांतेश, आमचा अण्णा, तिकडं काराकोरममध्ये, हिमनदीच्या भेगेत पडलेला.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. हातात इष्टलिंग, कपाळाला विभूती. आमच्या घराण्यात खड्ड्याचं माप मेलेल्याच्याच पावलानं घ्यायची चाल आहे. अण्णाचं पाऊल घरी आलंच नव्हतं. फौजेची तार आली, ट्रंक आली, माणूस नाही. मग अव्वानं त्याची जुनी चप्पल घेतली आणि वडिलांच्या समाधीशेजारी मातीवर पुढं-पुढं ठेवत माप काढलं. हे त्र्याण्णव सालचं.

खड्डा उघडा ठेवून वाट बघायची, ही सयाजीची कृपा. सयाजी पेठ वडगावचा, अण्णाबरोबर एकाच दोराला बांधलेला. दोर तुटला, अण्णा गेला, हा राहिला. सुट्टीवर आला तो आपल्या घरी न जाता आधी आमच्या दारात. अव्वाचे पाय धरून रडला आणि रडता रडता बोलून गेला, "काकू, बर्फ बी चालतंय. नदीच हाय ती. आज ना उद्या महांतेशला खाली आणून सोडणारच की!"

खोटं नव्हतं ते. पण धीर देणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच. बोलणारा बोलून मोकळा होतो आणि निस्तरायला दुसरेच बसतात.

नव्व्याण्णव साली वैनीला जयसिंगपूरचं स्थळ आलं. राजशेखर नाव, कापडाचं दुकान, बायको वारलेली, माणूस सरळ. आमच्यात विधवेच्या दुसऱ्या लग्नाला, उडकीला, कुणी नाक मुरडत नाही. वैनीच्या माहेरचे तयार होते. राजशेखर तर दोनदा येऊन नुसता चहा पिऊन गेले होते. अडलं होतं अव्वापाशी.

"महांतेश मातीत बसल्याबिगार तिला कशी दिऊ?" अव्वा म्हणाली. "पहिली मूठ बायकूची. उद्या त्यो आला तर मूठ कुणी टाकायची?"

मी तेव्हा सुट्टीला घरी आले होते. वैनीला परड्यात गाठून सरळ विचारलं, "दानेश्वरी, तुला जायाचं हाय का न्हाय?"

वैनी तारेवरचे कपडे काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "जायाचं हाय. मला माझं घर पायजे, लेकरू पायजे. पर त्यो खड्डा उघडा टाकून मी न्हाय जायची."

तिचं वय तिशी ओलांडून गेलेलं. खड्डा दर साली ती एकच बाई उकरत होती. मला इतकी चीड आली की कुणावर काढावी ते कळेना. संध्याकाळी अव्वानंच मला समोर बसवलं.

"तू बर्फाचंच शिकलीस न्हवं? तुझं यंत्र वरनं बघतंय म्हनं. मग माझा लेक कवा खाली येतोय तेवढं सांग. लवकर येनार असला तर दानी थांबंल. न्हायतर मग मी बघते काय करायचं ते."

मी उत्तरेतल्या एका संशोधन संस्थेत हिमनद्यांवर काम करत होते. भाऊ गेला म्हणून हिनं हा विषय घेतला, असं लोक म्हणायचे. बरोबरच म्हणायचे. आमचं यंत्र म्हणजे उपग्रहावरचं रडार. त्याच्या लहरी बर्फावर आपटून परत जातात. ढग असो की अंधार, त्यांचं काही अडत नाही. आज एक चित्र घ्यायचं, उद्या तिथूनच दुसरं. पंचाण्णव-शहाण्णव सालच्या हिवाळ्यात युरोपचे दोन उपग्रह असे एका दिवसाच्या अंतरानं एकामागोमाग जात होते. ती दोन चित्रं एकमेकांशी ताडून बघितली की बर्फ जिथं सरकला तिथं रंगांचे पट्टे उमटतात. पट्टे दाट तर बर्फ जोरात. पट्टे नाहीत तर जागा जवळजवळ ठप्प. आठशे किलोमीटर वरून बोटाच्या पेराएवढी हालचालसुद्धा लपत नाही.

जागा सयाजीनं सांगितलेली होती. दोन बोटं उभी धरल्यासारखा काळा कडा, त्याच्या पायथ्याला. संस्थेत परतल्यावर मी तो कडा चित्रात शोधला. हिमनदीच्या मध्यावर इरकली लुगड्याच्या काठासारखे दाट पट्टे होते. ते बघून मीसुद्धा खुळ्यासारखी हरखले. मग नजर कड्याच्या पायथ्याशी आणली. तिथं सगळा एकच रंग. ओढ्याच्या वळणाला पालापाचोळा अडकून बसावा तसा तिथला बर्फ कड्याच्या आडोशाला अडकला होता. मी दुसरी जोडी काढली, मग तिसरी. मला चूक हवी होती. तीच नेमकी सापडेना. मी टेबलावर डोकं टेकून रडले आणि मला सर्दी झालीय असं शेजारच्या साहेबांना सांगितलं.

संक्रांतीला चित्राचा कागद घेऊन मी कोल्हापूरला घरी आले. सयाजीलाही बोलावून घेतलं. म्हटलं, आस लावलीस तूच, आता ऐकायलाही बस. तो मला दारातच म्हणाला, "ताई, जरा बेतानं सांगा. काकूंचं वय झालंय. धा-पंधरा वर्सं म्हना की, काय बिघडतंय?"

"आणि धा-पंधरा वर्सं खड्डा तू उकरनार हाईस?" मी म्हटलं. तो आत गेला.

अव्वा जोत्यावर बसली होती, वैनी चौकटीला टेकून उभी. मी कागद पसरला, कडा दाखवला. सयाजीनं बोट ठेवलं, "हितंच." मग मी सांगितलं. मधल्या प्रवाहाला लागायलाच शंभर वर्षं. तिथून खाली यायला आणखी किती, देव जाणे. आपल्यापैकी कुणाच्या हयातीत नाही.

कुणी रडलं नाही. अव्वानं वाकून त्या रंगांवर बोट फिरवलं.

"म्हंजी थांबलाय त्यो?"

"थांबला न्हाय अव्वा. सरकतोय. सालाला चार-पाच हात."

"कुठल्या अंगाला?"

"दक्षिणेला."

"मग आपल्याकडंच की," अव्वा म्हणाली.

मी नुसतं "व्हय" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा ट्रंकेतली चप्पल घेऊन मळ्याकडं निघाली. आम्ही मागोमाग. खड्ड्यात एका भिंतीला कोनाडा कोरलेला असतो, माणूस बसवायला. अव्वानं वैनीला खाली उतरवलं आणि चप्पल तिच्या हातात दिली. वैनीनं ती कोनाड्यात ठेवली. मग परत उचलली, आतली धूळ पदरानं पुसली, टाचेकडचा शिवणीचा उसवलेला दोरा बोटानं आत सारला आणि पुन्हा ठेवली. तोंड उत्तरेला. तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. सयाजी पाठ फिरवून बांधावर जाऊन उभा राहिला.

अव्वानं विभूती टाकली, बेल टाकला.

"दानी, मूठ टाक."

"अत्ती, मला न्हाय जमायचं," वैनी सासूला म्हणाली.

"टाक, बाई. त्यो त्याच्या पायानं यायला लागलाय, येऊ दे त्याला सवडीनं. तू का हितं खड्ड्यात उभी?"

वैनीनं मूठ टाकली. मग सयाजी आला आणि त्यानं फावडं घेतलं.

चैत्रात राजशेखरांशी तिचं लग्न झालं. पाठवणीला अव्वानंच तिची ओटी भरली. पुढं दर साली, दिवाळी होऊन जमीन वाफशाला आली की अव्वाचा मला फोन यायचा. ख्यालीखुशाली नाही, काही नाही, थेट, "औंदा किती सरकला?" मी आकडा सांगायची. जुने उपग्रह निकामी झाले, दोन हजार दोन साली नवा आला, त्याची चित्रं मी मुद्दाम मागवून घ्यायची. "बरं," म्हणून ती फोन ठेवायची.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात अव्वा गेली. वडिलांच्या एका बाजूला अण्णाची चप्पल होती, दुसऱ्या बाजूला आम्ही अव्वाला बसवलं. त्या दिवाळीनंतर मी सवयीनं चित्र काढलं, माप घेतलं, आणि मग लक्षात आलं की आता हे विचारणारं कुणी राहिलं नाही. कागद तसाच टेबलावर पडून होता.

आठवड्यानं फोन वाजला. पलीकडं लहान लेकराचा दंगा चाललेला. बाई हळू आवाजात बोलत होती, दार ओढून घेतल्यासारखी.

"शांभवी, औंदा किती सरकला?"

आवाज मी लगेच ओळखला. टेबलावरचा कागद पुढं ओढला. "पाच हात, वैनी."

"बरं," दानेश्वरी म्हणाली. "उद्या बाजाराला कोल्हापूरला जायाचं हाय. मळ्यात जाऊन अत्तींना सांगून येते."