म्हणे गादी फाटली!

मी गुडघ्यातला आडवा बंध बोलतोय. नाव ऐकलं नसेल. तुम्हाला गुडघा आठवतो तो दुखल्यावर, तेव्हा माझी ओळख असण्याचा प्रश्नच नाही.

माझी मालकीण बस चालवते. तिच्या डाव्या गुडघ्यात कूर्चेच्या दोन गाद्या आहेत, चंद्रकोरीसारख्या, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. त्यांची पुढची टोकं एकमेकींना बांधून ठेवणारी बारीक दोरी म्हणजे मी. जन्मापासूनचा. सगळ्यांच्या गुडघ्यात मी नसतो. ज्यांच्यात असतो त्यांना तरी कुठे कदर आहे?

एकदा डेपोत पायरी चुकली आणि ती गुडघ्यावर आपटली. क्लच दाबला की कळ यायची. झालं, घरातला जो तो डॉक्टर झाला. "लिगामेंट गेलं," दिराने छातीठोकपणे सांगितलं. लिगामेंट कशाशी खातात, ते त्याला विचारायला हवं होतं.

मग एमआरआय झाला. गुडघ्याचे पातळ काप केल्यासारखी चित्रं निघाली. डॉक्टरांनी फोन कानाशी धरून, नव्या गाडीचा रंग ठरवता ठरवता, त्यातलं एक पाहिलं. माझ्यात आणि बाहेरच्या गादीत मुळातच एक बारीक फट असते. तेवढी नेमकी दिसली.

"गादी फाटलीय. ऑपरेशन करू. बस आता विसरा."

पुढचं चित्र बघायला काय बोटं झिजली असती?

"बस विसरा म्हणजे? मग करू काय मी?" घरी आल्यावर ती म्हणाली.

"आधी दुसरीकडे दाखवू," नवरा म्हणाला. "पाय तुझा आहे, त्यांचा नाही." त्या घरात कुणीतरी शहाणं बोललं.

दुसऱ्या डॉक्टरीणबाई वयस्कर, तिरसट. त्यांनी चित्रं एकेक करून पुढे सरकवली.

"ही रेघ बघा. या चित्रात इथे, पुढच्यात जरा पुढे, आणि ही पोचली आतल्या गादीपर्यंत. चीर अशी इकडून तिकडे जात नाही. हा बंध आहे, जन्मजात. गाद्या धड आहेत. दुखतंय ते वाटीला मार बसलाय म्हणून. व्यायाम सांगते, तो करा."

"आणि ऑपरेशन?"

"कशाचं? धडधाकट गुडघ्याचं?"

मालकीण तिथेच हुंदके देऊन रडली. पहिल्या डॉक्टरांना कळवलं, तर म्हणाले, "हो, तसंही असू शकतं." चुकलो म्हणायला जीभ रेटली नाही.

आता ती पुन्हा बस चालवते आणि भेटेल त्याला सांगते, "गुडघ्यात काही नव्हतंच!" काही नव्हतं? मी होतो की, बाई!

असो. पडद्यासमोर बसणाऱ्या महाशयांनो, एका चित्रावर निकाल देऊ नका. मी कुठून निघतो, कुठे पोचतो, तेवढं बघा. तेवढाही धीर नसेल, तर निदान कुणाचा गुडघा उघडू नका. चला, सिग्नल सुटला. तिचा पाय क्लचवर गेलाय, मला ताण धरायचाय.