लाल ठिगळाचा शर्ट

पुण्यात आमच्या फॅशन कॉलेजचा शो चालला होता. रॅम्पवर मॉडेल आली. तिनं साडीवर घातलेला पुरुषी शर्ट माझ्या आईचा होता. ऊस तोडताना पाचटानं अंग कापू नये म्हणून आई तो घालते. खांद्यावरचं लाल ठिगळ मीच लावलेलं, ओळखायला चुकणार कशी?

माझी रूममेट मृण्मयी दसऱ्याला पाथर्डीला आमच्या घरी आली होती. आता टाळ्या तिच्या या डिझाइनसाठीच वाजत होत्या. माझे हात उचलेनात.

बाहेर येऊन आईला फोन लावला. "तुझा शर्ट मृण्मयीकडं कसा गं?"

"मापाला दिला की. नवा शिवून धाडते म्हणली. उद्या तोडीला निघायचंय बाई, शिवला का तिनं?"