पिसाने ओळखलेला कोपरा

मी एक जुनी चटई आहे. ही गोष्ट १९६८ सालची, प्रशांत महासागरातल्या सामोआ देशातल्या सवाई बेटावरची. तेव्हा मी नवी होते, आणि एका सकाळी एका घराचं सगळं भवितव्य माझ्यावर येऊन ठेपलं होतं.

मित्रांनो, मी बसायची किंवा निजायची चटई नव्हे. केवड्यासारखी लांब पानं समुद्राच्या पाण्यात भिजवून, उन्हात पांढरी करून, नखाने धाग्यासारखी बारीक चिरून मला विणलं. लुगड्यासारखी मऊ होते मी. मतालेना नावाची बाई मला तीन वर्षं विणत होती, लेकीच्या लग्नासाठी. गावातल्या बायका विणायला एका घरात जमत. मतालेनाशेजारी तिची मैत्रीण पिसा बसे.

"तुझी लेक म्हातारी होईल गं, पण ही काही संपायची नाही," पिसा म्हणे.

"मग हात लाव की! नुसती जीभ चालवतेस."

पिसाने हात लावला आणि बोलण्याच्या नादात एका कोपऱ्यात चुकून दुहेरी धागे घातले. ती उसवायला लागली, तर मतालेना हसली. "राहू दे. तू काम केलंस याला पुरावा नको का?"

तेच माझे सुखाचे दिवस.

मी विणून पूर्ण झाले त्याच वर्षी एके दिवशी मतालेनाचा मुलगा पेनी सुक्या खोबऱ्याचा ट्रक मागे घेत होता. मागे पिसाचा नवरा विली उभा होता. पेनीला तो दिसला नाही. विली जागीच गेला.

आमच्याकडे चूक एकट्याची नसते, सगळ्या घराची असते. घरातल्या कर्त्याने सर्वांत चांगली चटई डोक्यावरून पांघरायची आणि दुखावलेल्या घरासमोर मान खाली घालून बसायचं. त्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली, तर त्याला मारलं तरी त्याने हात वर करायचा नाही, आणि मग चूक करणाऱ्याचाही जीव धोक्यात.

मतालेनाने मला बाहेर काढलं. तिचा नवरा अपेलू म्हणाला, "ही लेकीची आहे."

"तिच्यासाठी दुसरी विणीन. पेनी दुसरा कुठून विणू?"

उजाडता उजाडता अपेलू पिसाच्या घरासमोर जाऊन बसला. तुमच्या शाळेच्या पुस्तकात समाज, नियम, अपराधीपणा असे शब्द असतात. मला ते त्याच्या श्वासात ऐकू आले. भोवती सगळं गाव उभं होतं, पण माझ्याखाली तो अगदी एकटा होता.

विलीचा धाकटा भाऊ लोमी कोयता मांडीवर घेऊन बसला होता. "बसू दे म्हाताऱ्याला," तो म्हणाला. "खोबऱ्यासारखा वाळेल चांगला." कोणीतरी दगड मारला. अपेलूच्या खांद्याला लागला. तो हलला नाही.

ऊन चढल्यावर पिसा बाहेर आली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. तिने माझा कोपरा मुठीत धरला. मला वाटलं, आता ही मला भिरकावून देणार. पण तिची बोटं दुहेरी धाग्यांवर थांबली. तिने अंगठ्याने ते चाचपून पाहिले.

"वहिनी, बाजूला व्हा," लोमी म्हणाला.

"कोयता खाली ठेव, लोमी." तिने मला हळूच उचललं. "उठा, अपेलू. ऊन लागलंय तुम्हाला. आत येऊन पाणी प्या."

माफी मिळाली, मित्रांनो. मैत्री मात्र परत आली नाही. रिवाजाप्रमाणे मी पिसाकडे राहिले. तिने मला घडी घालून पेटीत ठेवलं. चर्चमध्ये पिसा आणि मतालेना एकमेकींकडे बघून मान हलवत, पण शेजारी बसून पुन्हा कधी विणलं नाही.

अपेलू दोन वर्षांनी वारला. पेनी न्यूझीलंडला गेला, त्याने पुन्हा गाडी चालवली नाही. लोमी पुढे चर्चमध्ये गाणाऱ्यांचा म्होरक्या झाला. मतालेनाने लेकीसाठी दुसरी चटई विणली, एकटीने. मतालेना गेल्याचं कळलं त्या दुपारी पिसाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा पेटी उघडली, माझ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि पेटी लावून टाकली. आता पिसाही नाही. माझी पेटी तिच्या नातीकडे ऑकलंडला कपाटावर पडून आहे.

घडी करून ठेवलेली चटई घडीवरच तुटते. मला कधीतरी उन्हात उलगडा, एवढंच मागणं आहे. आणि तुमच्या वर्गात कोणाला माफ केलं असेल, पण त्याच्या शेजारी अजून कोणी बसत नसेल, तर उद्या तुम्ही जाऊन बसा.