न सोडलेली जुडी

“काड्या? दुसरीच्या पोरांना? त्यापेक्षा झुलवायला पाळणाच आण ना!” ओतिलिया जिन्यातच खिदळली. रुक्सांद्राने तिला कोपराने ढोसलं. अध्यापक विद्यालयातल्या दोघी मैत्रिणी, दोघी सतरा वर्षांच्या. पण गणिताचा विषय निघाला की मांजरांसारख्या भांडायच्या. ओतिलियाला फळा पुरे. रुक्सांद्राचं म्हणणं, हाताला कळलं की डोक्याला कळतं. आज ते सिद्ध करायचं होतं. परीक्षेचा पाठ होता आणि तो फसला तर सगळं वर्षच वाया जाणार होतं.

विषय होता बत्तीस वजा सात. मुलांनी घरून दहा-दहा काड्यांच्या तीन जुड्या आणि दोन सुट्या काड्या आणल्या होत्या. “दोनातून सात जात नाहीत. मग काय करायचं?” “जुडी सोडायची, ताई!” पटापट रबरं सुटली, दोन बाकाखाली उडाली. परीक्षक तुदोसेबाई मागच्या बाकावरून लिहीत होत्या.

साविना मात्र जुडी घट्ट धरून बसलेली.

“सोड ना गं.”

“सुटत नाही. तिन्ही आजोबांनीच बांधल्यात.”

खरंच. वेली बांधतात तशी, वाळुंजाच्या सालीची करकचून गाठ. इकडे व्रान्चातल्या द्राक्षमळ्यांत ही गाठ कुणी सोडत नाही, कापतात. रुक्सांद्राने कात्री उचलली.

“नको!” साविनाने जुडी पाठीमागे लपवली. “आजोबा दवाखान्यात आहेत. ते आल्यावर तेच कापणार.”

पाठाच्या आराखड्यात रुक्सांद्राने स्वतःच लिहिलं होतं : प्रत्येक मूल जुडी सोडेल. तुदोसेबाईंचं पेन थांबलं. आता माझं वाटोळं, रुक्सांद्राच्या मनात आलं. आणि तिने कात्री खाली ठेवली. ती साविनाच्या बाकाशी उकिडवी बसली.

“राहू दे बांधलेली. आत किती आहेत, ठाऊक आहे ना?”

“दहा. मीच मोजून दिल्या त्यांना.”

“मग झालं तर.”

साविनाने जुडी गालाशी धरली, डोळे मिटले. सालीवरून बोट हळूहळू सरकलं. “आतल्या सात गेल्या… तीन राहिल्या. बाहेरच्या दोन. पाच. आणि या दोन जुड्या.” डोळे उघडले. “पंचवीस!”

“मी पण न सोडता करणार!” शेजारचा ओरडला आणि सगळ्या वर्गाला चेव आला. सोडलेल्या जुड्या धडाधड परत बांधायला घेतल्या पोरांनी.

तास संपल्यावर तुदोसेबाई म्हणाल्या, “आराखडा पाळला नाहीस. एक गुण गेला.” वही मिटताना त्यांना हसू आवरेना. “उरलेले नऊ घे.”

दारात ओतिलिया टपलेलीच. “बघ, मीच जिंकले! काड्या लागल्याच नाहीत!”

“अगं वेडे, हातात काय धरलं होतं तिने?” रुक्सांद्रा म्हणाली, आणि वाद घालत बसायचं सोडून परत वर्गात पळाली. साविनाला विचारायचं राहिलं होतं, आजोबा घरी कधी येणार.