बस सुटली ते बरं झालं

मंचरला रखमाजी थोरातांचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं आणि जुन्नरला सलीम आतारांचं. दोघंही एकाच कंपनीचा माल विकायचे. २००४ च्या फेब्रुवारीत कंपनीनं आपल्या दुकानदारांना सिंगापूरची सहल दिली आणि या खेपेला जोडीनं या, असं सांगितलं. रखमाजींच्या साळुबाई आणि सलीमभाईंच्या बिबिजान यांची पहिली ओळख झाली ती विमानात. साळुबाईंना कानात दडे बसले, तेव्हा बिबिजाननं लवंग दिली. उतरेपर्यंत दोघींची एकमेकींच्या सुनांची माहिती काढून झाली होती.

सिंगापूर मात्र दोघींना बसच्या काचेतूनच दिसत होतं. गाइड म्हणायचा, “लेफ्टला बघा,” आणि मान वळेपर्यंत ते मागं गेलेलं असायचं. उतरायला मिळालं की पुढ्यात एखादं मोठं दुकान.

“भाभी, मंचरच्या ष्टँडवर यापेक्षा जास्त वेळ गाडी थांबती,” साळुबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस चिनी लोकांच्या पेठेत थांबली. लाल कंदिलांच्या त्या रस्त्यावर एक देवीचं देऊळ होतं आणि चार घरं सोडून मशीद. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या तमिळ बाईंनी देवीचं नाव सांगितलं, “मारिअम्मन.”

“अगं बया, मरीआई! हितं?” साळुबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि आत गेल्या. बिबिजान नमाजाला मशिदीत गेली.

दर्शन घेऊन साळुबाई बाहेर आल्या, चपला घातल्या आणि चार पावलांत उजव्या चपलेचा अंगठा तुटला. पाय फरफटत त्या मशिदीपाशी पोचल्या, बिबिजानला घेतलं आणि दोघी चप्पल शोधायला समोरच्या दुकानात शिरल्या. दुकान एका म्हाताऱ्या चिनी आजींचं. आजींनी साळुबाईंना स्टुलावर बसवलं, त्यांच्या टाचेच्या भेगा बघून “च्च च्च” केलं आणि आतून कसलंसं मलम आणून स्वतःच्या हातानं चोळलं. साळुबाई ओशाळल्या. “अवो, ऱ्हाऊ द्या, पायाला हात नगा लावू!” पण आजी ऐकतायत कशाला! मलम जिरल्यावरच त्यांनी सपाता दाखवायला काढल्या.

तिकडं बसमध्ये गाइडनं विचारलं, “सगळे आले का?” बायका मागं बसल्या असतील, अशा भरवशावर रखमाजींनी मान न वळवताच सांगितलं, “आलं, आलं समदं. चला.”

नव्या सपाता घालून दोघी बाहेर आल्या तर बसची जागा रिकामी.

बिबिजानचं तोंड उतरलं. “अक्का, आता? हॉटेलचं नाव तरी ठाऊक आहे का?”

साळुबाईंनी पिशवीत हात घातला. नात प्राचीसाठी त्यांनी न्हाणीतला इवलासा साबण घेऊन ठेवला होता, त्याच्या कागदावर हॉटेलचं नाव छापलेलं होतं. फुलवाल्या बाईंना मोडकंतोडकं हिंदी येत होतं. त्यांनी कागद वाचला, हसल्या आणि हात करून टॅक्सी थांबवली. टॅक्सीवाला टोपी घातलेला मलय म्हातारा होता. बिबिजाननं सलाम केला, त्यानं उलट सलाम केला आणि तिच्या जिवात जीव आला.

टॅक्सी निघाली. थोडं पुढं गेल्यावर साळुबाई म्हणाल्या, “भाभी, चुकलोच हाय, तर मी एक म्हनू का? मी अजून समुद्र बघितला न्हाई.”

“या वयापर्यंत?”

“तळेघरची लेक मी. डोंगरातून उतरले ती मंचरात. कोन नेतंय?”

बिबिजाननं पुढं वाकून टॅक्सीवाल्याला हातानं लाटा करून दाखवल्या. त्याला लगेच कळलं.

किनाऱ्यावर नारळाची झाडं होती आणि पाण्यात जहाजंच जहाजं. साळुबाई वाळूत उभ्या राहिल्या.

“आमच्याकडं पावसाळ्यात दरी धुक्यानं भरती,” त्या म्हणाल्या. “ल्हानपणी मला वाटायचं, समुद्र असाच असंल. पर हे तर हलतंय, भाभी!”

शेजारी एक मलय कुटुंब चटई टाकून बसलं होतं. त्यातल्या बाईंनी दोघींना हाक मारून बसवून घेतलं आणि केळीच्या पानात उकडलेलं काहीतरी पुढं केलं. साळुबाईंनी आधी वास घेतला. आत नारळ आणि गूळ.

“हे तर आपल्या नागपंचमीच्या दिंडावानी!” म्हणून त्यांनी दोन खाल्ली. मग दोघी साड्या वर खोचून पाण्यात शिरल्या. पहिल्याच लाटेला बिबिजान अशी किंचाळली, की चटईवरची पोरं टाळ्या वाजवायला लागली.

दिवे लागायच्या वेळेला टॅक्सी हॉटेलशी आली. दारातच रखमाजी आणि सलीमभाई उभे होते, दोघांचे चेहरे पांढरेफटक. गाइड फोनवर ओरडत होता.

“कुठं व्हता तुमी?” रखमाजींचा आवाज चढला, पण निम्म्यातच फुटला. “मला वाटलं… काय काय वाटलं, ठावं हाय का?”

साळुबाईंनी त्यांचा हात धरला. इतक्या लोकांत, लग्नानंतर पहिल्यांदाच. “आवं, मी समुद्र बघितला.”

सलीमभाई बिबिजानच्या ओल्या साडीकडं बघत राहिले. “आणि आम्ही इथं दुवा मागत होतो!”

“कबूल झाली की,” बिबिजान म्हणाली आणि चौघंही हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी गाइडनं दुकानं दाखवायला बस काढली. हे चौघं मात्र टॅक्सी करून समुद्रावर गेले. “पानीच की, त्यात काय बघायचं?” असं वाटभर म्हणणारे रखमाजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरले. दुपारी जेवायला चला म्हणून साळुबाईंनी तीनदा हाका मारल्या, तर ते तिथूनच ओरडले, “थांब की जरा, लई भारी लाट यायलीये!”