मागची जाळी

वहिनींनी कोंबडीचं आणखी एक पिल्लू उचललं. पंख धरून उजेडाकडे फिरवलं, डोळा निरखला, चोच उघडून पाहिली. पिल्लू शिंकलं. बाकीची चिवचिवत भिंतीकडे धावली आणि एकमेकांवर चढली.

"लस दिली की दोन-चार दिवस शिंकतातच," दाराशी उभा असलेला दीर म्हणाला. "त्यांना जरा स्वस्थ राहू द्या, वहिनी."

वहिनींनी पुढचं पिल्लू पकडलं. पण लसीची बर्फाची पेटी भाऊजींनी उन्हात ठेवली होती आणि ते फोनवर गप्पा मारत उभे होते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. लस तिथेच बिघडली असणार. आणि आता हे गृहस्थ शेडच्या मधोमध जाळी ओढून, कडी घालून बसले होते. मागच्या अर्ध्या भागात कुणी जायचं नाही म्हणे. पिल्लं दचकतात.

दचकतात की मरताहेत? वहिनींच्या मनात पाल चुकचुकली.

त्या दिवसातून पाच-पाच वेळा शेडमध्ये जाऊ लागल्या. पुढच्या भागातली पिल्लं पकडून पोटं चाचपत, तोलून बघत. जाळीपाशी गेल्या की मान उंचावून पलीकडे पाहत. तिथे सगळं शांत. ती शांतताच त्यांना खुपे.

शेवटी दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी भाऊजींना न विचारता जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

"दोन्हीकडचं रक्त घ्या," त्या म्हणाल्या. "मागचं तर नक्कीच."

दिराने निमूटपणे कडी काढली.

चार दिवसांनी डॉक्टर रक्ततपासणीचा कागद घेऊन आले.

"मागच्या पिल्लांमध्ये लस छान लागू पडलीय. पुढच्यांत रोगाशी लढायची ताकद फारच कमी आलीय."

"म्हणजे लस बिघडलेली नव्हती?"

"बाटली एकच होती ना? बिघडली असती तर दोन्हीकडे बिघडली असती. पिल्लं सारखी घाबरत राहिली, तरी असं होतं. पुढे काही वेगळं घडलं का?"

वहिनींचे हात पदराशी चाळा करू लागले.

"पुढे लस मिसळलेलं पिण्याचं पाणी कमी पोचलं असेल," दीर चटकन म्हणाला. "माझंच चुकलं."

डॉक्टर लिहायला लागले.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "पाणी बरोबर पोचलं होतं. मी तिथेच उभी होते. मीच सारखी पकडत होते त्यांना."

दिराने खाली पाहिलं.

पुढच्या भागाला पुन्हा लस द्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दीर बादली घेऊन दाराशी थांबला.

"येताय ना, वहिनी?"

"तुम्हीच द्या." वहिनी पायरीवरून बाजूला झाल्या. "आणि भाऊजी, आत गेलात की दार हळू लोटून घ्या. वाऱ्यानं आपटतं ते."