गुंजीच्या वासरांचा बाप

दुसरंही वासरू तसंच निघालं. पुढचे दोन्ही पाय गुडघ्यात वळलेले, सांधे लाकडासारखे ताठ, आणि अंगावर आईचाच गडद लाल रंग. मागचं निदान दुपारपर्यंत तरी श्वास घेत होतं. हे पोटातूनच मेलेलं आलं. वनमालानं ते पोत्यावर ओढून घेतलं आणि गुंजीला चाटू दिलं. तेवढ्यात मागं उभा असलेला तिचा नवरा बद्रीनाथ म्हणाला, "गाईतच खोड हाय. दादा म्हनत हुते तेच खरं." वनमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दादा म्हणजे अमरसिंह. सिरसाळ्याच्या अलीकडच्या या गावात पाऊस सोडला तर सगळं दादांना विचारून होतं. सोयरीक जुळवायची तर दादांच्या ओसरीवर बसायचं. तिथं चहाच्या आधी दोन्हीकडचं देवक विचारलं जातं, आणि ते एक निघालं तर स्थळ कितीही तालेवार असो, दादा हात झटकून उठतात. एका देवकाची पोरं म्हणजे भावंडं, त्यांचं लग्न लावायचं कसं?

गाय माजावर आली की तिलाही दादांच्याच दारात न्यायचं. त्यांचा लाल कंधारी वळू सरदार यात्रेतल्या प्रदर्शनात पहिला आला होता. त्याला गुलाल लावून मिरवलं, चौकात त्याचा फ्लेक्स लागला, आणि दादांनी जाहीर केलं की सरदार आता गावाचा. नुसता मानाचा नारळ आणा. गाव हरखून गेलं. असा देखणा वळू फुकटात मिळत असताना घरचे गोऱ्हे कशाला राखायचे? एकेक करून सगळे खच्ची केले आणि औताला जुंपले. बघता बघता गावातली एकूण एक कालवड सरदारची लेक झाली.

गुंजीही त्याचीच. तिच्या आईला सरदारकडं नेलं तेव्हा नारळ वनमालाच्याच हातात होता. पुढं गुंजी माजावर आली तेव्हा तिला दोराला धरून त्याच सरदारपुढं उभी करणारीही वनमालाच. गुंजीचा बाप कोण हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण माणसांचं देवक तीन पिढ्या मागं जाऊन शोधणाऱ्या त्या गावात हे कुणाला खटकलं नाही.

"व्यापारी येईल दुपारी," बद्रीनाथ म्हणाला. "वासराचे पाय दिसले तवाच फोन केला दादांना, त्यांनीच धाडलाय. असली गाय दारात ठिवू नये म्हनले."

"दोनदा गाभन ऱ्हायली, दोनदा याली. तिनं काय कमी केलं?"

"मग वासरू असं कावून झालं?"

मागच्या वेळीही हाच सवाल आला होता. तेव्हा सासरच्या बायकांनी तू गाभण गाईला काय खाऊ घातलंस म्हणून तिलाच धारेवर धरलं होतं. गाईचं चुकलं, नाहीतर गाईच्या मालकिणीचं. सरदारकडं कुणी बोटही दाखवलं नाही. तिनं पोत्याचं तोंड बांधलं आणि ते डोक्यावर घेतलं.

"तुमच्या दादांनाच इचारते."

"अगं, तितं आज सोयरीक हाय. उमापूरचे पाव्हणे आलेत," बद्रीनाथ मागून पळत म्हणाला. ती थांबली नाही.

ओसरीवर खरंच माणसं दाटली होती. मेलेलं जनावर शुभकार्याच्या बैठकीत न्यायचं नाही एवढं भान तिला रागातही होतं. म्हणून ती घराला वळसा घालून मागच्या गोठ्याकडं गेली. आणि तिथं जे दिसलं ते बघून जागच्या जागी थबकली.

दादांची गाय खोड्यात अडकवली होती. गावोगाव गाई भरवत फिरणारा रामेश्वर कोपरापर्यंत हातमोजा चढवून तिच्या मागं उभा होता. बाजूला त्याची थंड टाकी, आणि हातात बाहेरच्या वळूचं बीज असलेली कांडी. पाहुण्यांना ओसरीवर सोडून दादा स्वतः गाईची शेपटी धरून उभे होते. आणि दहा पावलांवर सरदार दावणीला कडबा खात होता.

"वळू दारात, आन् गाईला कांडी?" वनमाला म्हणाली.

दादा दचकले. "वहिनी? काय न्हाई, जरा सुधारित जात करून बघतोय."

तिनं पोतं खाली ठेवून सोडलं. वासराचे वळलेले पाय बघताच रामेश्वरच्या तोंडून निघून गेलं, "अजून एक?"

"अजून म्हंजे? आधीचं कुनाचं?"

"तू तुझं काम कर बे," दादा त्याच्यावर खेकसले.

"रामेश्वर, माझी गाय चाललीय इकायला," वनमाला म्हणाली. "तिच्यात खोड हाय का न्हाई, एवढंच सांग."

रामेश्वरनं हातमोजा काढला. दादांकडं बघायचं टाळून तो म्हणाला, "काकू, दोष सरदारमधी लपून हाय. त्याच्यात दिसत न्हाई. त्याच्या काही लेकींत उतरतो, त्यांच्यातबी दिसत न्हाई. पन लेक परत बापालाच दाखवली, की दोन्हीकडचा दोष वासरात एकत्र येतो. दर बारीला न्हाई, पन येतो. दादांच्याच दोन गाईंना झाली अशी वासरं. मी गेल्या वर्षीच सांगितलं त्यांना."

गेल्या वर्षी. वनमालाच्या डोळ्यांपुढं लख्ख उभं राहिलं. त्यानंतरच ती गुंजीला दुसऱ्यांदा इथं घेऊन आली होती, आणि दादांनी नारळ हसून हातात घेतला होता. पाठही थोपटली होती गाईची.

"तुमाला ठावं हुतं," ती म्हणाली. "सोताच्या गाई सांभाळल्या तुमी. सोताची वासरं गपचूप पुरली. आन् आमाला म्हनले गाय खोडीची. लाज वाटाया पायजे हुती, दादा."

दादांनी ओसरीकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला. सरदार पुन्हा प्रदर्शनाला जायचा होता. त्याचं नाव खराब झालेलं त्यांना परवडणार नव्हतं. "झालं ते झालं, वहिनी. ती कोपऱ्यातली कालवड बघा. लई गुनाची हाय. न्या सोडून. तुमची गाय जाऊ द्या व्यापाऱ्याला, इषय मिटला."

मागोमाग आलेल्या बद्रीनाथचा चेहरा उजळला. दादांनी स्वतः होऊन काही द्यावं हे त्याच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. त्यानं पुढं होऊन कालवडीचा दोर धरलासुद्धा.

"हिचा बाप कोन?" वनमालानं विचारलं.

रामेश्वर बादलीत हात धूत राहिला. बद्रीनाथनं कालवडीकडं बघितलं, मग सरदारकडं बघितलं, आणि दोर हळूच खाली सोडला.

"माझ्या गाईची भईनच मला भरपाई म्हनून देताय व्हय?"

आता मात्र दादांचा तोल गेला. "एवढं कळतं तर आना की दुसरा वळू."

"आनते. गावात तर एक ठिवला न्हाई तुमच्या नादानं. परमुलखातनं आनीन. तवर माझी गाय रिकामी ऱ्हाईल, पन माझ्या दारात ऱ्हाईल."

पोतं उचलून ती निघाली. परत येताना बद्रीनाथ तिच्या मागं चार हात अंतर राखून चालत होता. मधेच त्यानं पोतं घ्यायला हात पुढं केला, तर तिनं तो झिडकारला.

दारात टेम्पो उभा होता. व्यापाऱ्यानं गुंजीला खुंट्यावरून सोडलंही होतं. बद्रीनाथनं जाऊन दोर त्याच्या हातातून काढून घेतला.

"इकायची न्हाई."

"कावून? दादांनी तर सांगितलं, गाईत खोड हाय."

बद्रीनाथनं एकदा बायकोकडं बघितलं. मग खाली बघत म्हणाला, "गाईचा काय बी दोष न्हाई."

व्यापारी पुटपुटत टेम्पोकडं वळला. वनमालानं कुदळ घेतली आणि ती परसात गेली. तिचा राग तसूभरही उतरला नव्हता. हे एक वाक्य तोंडातून काढायला त्याला दोन वासरं लागली होती, आणि दुसरं अजून पुरायचं होतं.